हरकत लिहून घ्या

आत्याच्या उलटतपासणीची नक्कल स्कॅन करून वकिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची होती. घरात इंजिनिअर मी एकटाच, त्यामुळे प्रिंटरपासून पॅनकार्डापर्यंत सगळी कामं माझ्याकडे येतात. पानं सरळ करता करता सहाव्या पानावर नजर अडकली.

"हे म्हणणे खरे नाही की, माझे पती मयत झाल्यानंतर माझे परपुरुषाशी अनैतिक संबंध होते."

वाक्य आत्याच्या तोंडचं आहे. म्हणजे कागदावर तरी तसंच आहे. वर तिचं नाव, वय, धंदा शेती, शपथेवर सांगते की वगैरे, आणि शेवटी तिची सही. पण आत्या असं बोलत नाही. 'मयत' हा शब्द तिने नवऱ्यासाठी कधी वापरलेला नाही. ती "आमचे हे गेले तवा" म्हणते. 'अनैतिक संबंध' हे शब्द तर तिने उच्चारलेच नव्हते. मला हे माहीत आहे, कारण त्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो.

आम्ही साताऱ्याचे. आत्याला सांगली जिल्ह्यात दिलेली, द्राक्षबागायतदाराच्या घरात. नवरा गेल्यावर दिरांनी बागेतला वाटा द्यायला टाळाटाळ केली, म्हणून तिने तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. उलटतपासणीत दिरांच्या वकिलांनी विचारलं, "नवरा गेल्यावर तुमच्याकडे रात्री-अपरात्री कोण यायचं, सांगता का कोर्टाला?"

आत्या क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "शेतीची लाईट रातची असती. बागंला पाणी द्यायला मी आन् गडी असायचो. तुमच्या घरात बायका न्हाईत का वो, असलं इचारताय?"

मागे दोघेतिघे हसले. न्यायाधीश म्हणाले, "बाई, हो की नाही, एवढंच सांगा." ती "नाही" म्हणाली. मग त्यांनी स्टेनोला वर दिलेलं वाक्य सांगितलं आणि पुढचा प्रश्न सुरू झाला.

रात्रीची लाईट, पाणी, गडी आणि आत्याचा संताप, यातलं काहीच कागदावर उतरलं नाही. वकिलांचा प्रश्नही नाही. उरलं ते एवढंच, की एका विधवेने स्वतःच्या सहीने स्वतःवरचा घाणेरडा आरोप लिहून दिला आणि तो नाकारला. त्या नकलेची एक प्रत दिरांकडे आहे. गावात ती किती जणांनी वाचली असेल, याचा हिशोब कोण ठेवतो?

आणि या सगळ्यात आमच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "तिने नाही म्हटलंय ना? मग झालं. उगाच ऑब्जेक्शन घेतलं की साहेब चिडतात, तारीख पुढे जाते."

माझं म्हणणं या उत्तराच्या विरोधात आहे. 'मग झालं' हे खरं नाही. हरकत घेणं हा वकिलाचा नखरा नसतो. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी मिळू शकणारं ते एकमेव संरक्षण असतं. आपल्याकडे हे संरक्षण एक तर मागितलंच जात नाही, किंवा मागितलं तर 'नंतर बघू' या खात्यात टाकलं जातं.

सिनेमातलं ऑब्जेक्शन

आपल्या पिढीला ऑब्जेक्शन माहीत आहे ते सिनेमातून आणि वेबसिरीजमधून. वकील ताडकन उठतो, 'ऑब्जेक्शन!' म्हणून ओरडतो, न्यायाधीश 'सस्टेन्ड' किंवा 'ओव्हररूल्ड' म्हणतात आणि कॅमेरा जुरीच्या चेहऱ्यावर जातो. ही सगळी रचना जुरीसाठी आहे. निकाल बारा सामान्य माणसांनी द्यायचा असेल, तर नको ती गोष्ट त्यांच्या कानावरच पडू नये, म्हणून वकिलाला वेळेत ओरडावं लागतं.

आपल्याकडे जुरी नाही. नानावटी खटल्यातल्या जुरीचे किस्से अजून सांगितले जातात, पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जुरीला जागाच ठेवली नाही. आपल्याकडे हरकत ऐकणारा आणि निकाल देणारा माणूस एकच. प्रश्न योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी त्याला तो आधी ऐकावाच लागतो. मग अनेक वकिलांना वाटतं, साहेबांनी ऐकलंच आहे, ते अनुभवी आहेत, नको ते बाजूला ठेवतील. मग हरकत कशाला?

हा तर्क वरवर शहाणपणाचा वाटतो, पण तो तीन गोष्टी विसरतो.

पहिली गोष्ट, नोंद. खटला अपिलात जातो तेव्हा वरच्या न्यायाधीशाने साक्षीदाराला पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. माझ्या धंद्यात सर्व्हर पडला की आम्ही लॉग उघडतो. लॉगमध्ये जे नाही ते आमच्या दृष्टीने घडलेलंच नाही. कोर्टाची नोंदही तशीच.

दुसरी, हक्क. काही हरकती वेळेवर घेतल्या नाहीत तर त्या कायमच्या जातात. समजा, समोरच्याने मूळ मृत्युपत्राऐवजी झेरॉक्स दाखल केली आणि तिच्यावर निशाणी पडताना तुमचा वकील गप्प बसला. मग अपिलात 'ती तर झेरॉक्स होती' म्हणून उपयोग नाही. पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत त्याच वेळी घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली व्यंकटाचल गौंडर यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. मुळातच निषिद्ध असलेल्या पुराव्याचं वेगळं आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कुणी हरकत घेतली नाही म्हणून ग्राह्य होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस. आत्याच्या बाबतीत मुद्दा हाच होता. न्यायाधीशांनी तो प्रश्न मनातून काढून टाकला असेलही. आत्याच्या मनातून तो कोण काढणार?

प्रश्न गैरलागू होता

आत्याला विचारलेला प्रश्न असभ्य होता, एवढंच नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचा दाव्याशी काडीचा संबंध नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवेचा वाटा तिच्या चारित्र्यावर अवलंबून नाही. काही विधवांनी पुनर्विवाह केला तर हक्क जायचा, ते कलम २४ सुद्धा २००५ साली काढून टाकलं. म्हणजे आत्याचे दहा जणांशी संबंध असते, तरी बागेतला तिचा वाटा एका गुंठ्यानेही कमी झाला नसता.

मग प्रश्न विचारला कशासाठी? उत्तर कोर्टातल्या बाकांनासुद्धा माहीत होतं. बाईने पुढच्या तारखेला येऊ नये म्हणून.

यासाठी कायदा आहे, आणि तो नवा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५१ आणि १५२ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही ती १५४ आणि १५५ म्हणून आली. पहिल्या कलमाप्रमाणे अश्लील किंवा बदनामीकारक प्रश्न न्यायालय मना करू 'शकतं', मात्र वादातल्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध असेल तर नाही. दुसऱ्या कलमाची भाषा अधिक कडक आहे. अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेला प्रश्न न्यायालयाने मना 'करावाच'. यासाठी कुणी हरकत घ्यायला हवी, अशी अटही त्यात नाही.

म्हणजे आमचे वकील झोपले होते, तरी काम अडायला नको होतं. आणि साहेब ऐकत होते, तर वकिलांनी त्यांना आठवण करून द्यायला हवी होती. दोघांनीही आपापलं काम दुसऱ्यावर सोपवलं. मधल्या जागेत आत्या उभी होती.

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ चं. त्यातल्या खोट्या खटल्यात बेणारेबाईंच्या खासगी आयुष्याबद्दल ज्याला जे वाटेल ते तो साक्ष म्हणून सांगतो. ऐकीव, गैरलागू, सगळं चालतं. कारण आरोपीचा आणि सरकारचा वकील एकच आहे, सुखात्मे. हरकत घ्यायला दुसरं कुणी नाहीच. आम्ही कॉलेजात ते नाटक केलं होतं तेव्हा मला ती तेंडुलकरांची गंमत वाटली होती. आता वाटतं, हरकत न घेणारा वकील असेल तर खऱ्या कोर्टातही परिस्थिती तीच होते.

साताऱ्याचा डॉक्टर, पुण्याचा निकाल

ही गोष्ट माझ्या आत्यापुरती आणि द्राक्षबागेपुरती असती तर मी लिहिलं नसतं. साताऱ्यात जन्मलेला, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला एक माणूस आपल्या सगळ्यांना माहीत आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आरोपनिश्चिती झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

त्या निकालपत्रात तपासाबद्दल जे म्हटलं आहे त्याची चर्चा झाली. एका गोष्टीची पुरेशी झाली नाही. बचाव पक्षाने अनावश्यक, गैरलागू उलटतपासणीतून आणि अंतिम युक्तिवादातून मृत व्यक्तीची प्रतिमा मलिन करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांना हिंदुविरोधी ठरवून हत्येचं समर्थन करण्याचा पवित्रा घेतला. तो विचित्र आणि निषेधार्ह आहे, अशा आशयाचे शेरे न्यायाधीशांनी मारले आहेत.

हे वाचून मला आधी बरं वाटलं. मग चीड आली. निषेध झाला, पण कधी? प्रश्न विचारले गेले, उत्तरं घेतली गेली, ती नोंदीत गेली, बातम्यांत गेली, फॉरवर्ड झाली. सगळं संपल्यावर निकालपत्रात निषेध. निकालातला निषेध म्हणजे उशिरा आलेली हरकत. वरात गेल्यावर घोडं आणल्यासारखं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या खटल्यात दाभोलकरांच्या विचारांविषयी एकही प्रश्न विचारायचा नाही, असं म्हणता येणार नाही. आरोपींना त्यांच्या विचारांचा राग होता, हा हेतू सरकारी पक्षानेच मांडला होता. त्यामुळे तो दरवाजा थोडा उघडा होताच. 'त्यांच्यावर आणखी कुणाचा राग होता?' हा प्रश्न बचावासाठी रास्त आहे, कारण मारेकरी दुसरेच असू शकतात, हे तो सुचवतो. 'ते धर्मद्वेष्टे होते ना?' या प्रश्नाचं उत्तर हो असो की नाही, गोळी कुणी झाडली हे त्यातून कळत नाही. या दोन प्रश्नांमधली रेघ बारीक आहे. म्हणून तर ती त्या त्या प्रश्नावर, त्याच वेळी आखावी लागते. शेवटी एकत्र निषेध करून ती आखता येत नाही.

शाळेत असताना अंनिसचे कार्यकर्ते आमच्याकडे आले होते. जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवला आणि म्हणाले, प्रश्न विचारा. दाभोलकरांनी आयुष्यभर लोकांना तेच शिकवलं: प्रश्न विचारा, पुरावा मागा. त्यामुळे त्यांच्या खटल्यात कुणी प्रश्न विचारले याचं दुःख नाही. सत्य शोधण्यासाठी विचारलेला प्रश्न आणि माणसाला चिखल फासण्यासाठी विचारलेला प्रश्न, यातला फरक सांगायची जबाबदारी त्या खोलीत कुणाची होती, एवढाच माझा सवाल आहे.

नंतर बघू

हरकत पुढे ढकलायची सवय कुठून आली? तिचा एक मोठा आधार २००१ चा आहे. बिपिन शांतिलाल पांचाल विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, साक्षीपुराव्याच्या ग्राह्यतेवर हरकत आली तर ती नोंदवा, पुरावा तात्पुरता घ्या आणि हरकतीचा निर्णय शेवटी, निकालाच्या वेळी द्या. हेतू चांगला होता. प्रत्येक हरकतीवर युक्तिवाद, मग त्या आदेशाविरुद्ध वरच्या कोर्टात धाव, तोवर खटला ठप्प. हा खेळ थांबवायचा होता.

त्या निकालात एक अपवाद मात्र ठेवला होता. दस्तावर मुद्रांक शुल्क कमी भरलं आहे अशी हरकत असेल, तर ती लगेच ठरवायची. पुढे जायचं नाही.

पुन्हा वाचा. सरकारचा स्टॅम्प बुडत असेल तर खटला जागेवर थांबतो. माणसाची अब्रू बुडत असेल तर? अपमानकारक प्रश्न मना करण्याचं कलम त्या निकालाने रद्द केलं नव्हतं, हे खरं. पण 'सब्जेक्ट टू ऑब्जेक्शन' लिहून पुढे सरकायची सवय एकदा लागली की ती कलमांचे बारकावे पाहत नाही.

वीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानेच ही चूक दुरुस्त केली. २० एप्रिल २०२१ रोजी, फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबाबत स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की, पांचाल निकालातला तो दृष्टिकोन बंधनकारक मानू नये. प्रश्नावरच्या हरकतीचा निर्णय साक्ष चालू असतानाच द्यावा, नाही जमलं तर निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा. सोबत नमुना नियमही दिले. हरकत नोंदीत दिसली पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. हे नियम सहा महिन्यांत आपापल्याकडे लागू करण्यासाठी पावलं उचला, असं उच्च न्यायालयांना सांगितलं.

दिवाणी दाव्यांसाठी तर एवढंही थांबायची गरज नव्हती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १८, नियम ११ आहे. एखाद्या प्रश्नावर हरकत घेतली गेली आणि तरीही न्यायालयाने तो विचारू दिला, तर न्यायाधीशाने प्रश्न, उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचं नाव आणि स्वतःचा निर्णय, या पाचही गोष्टी लिहून घ्यायच्या. टिळकांवर राजद्रोहाचा दुसरा खटला चालला त्या सालचा हा कायदा आहे. त्या काळात कॉम्प्युटर नव्हता, स्टेनोच्या समोर स्क्रीन नव्हता, तरी कायद्याला पाचही गोष्टी हव्या होत्या.

आता विचार करा. आमच्या वकिलांनी फक्त दोन शब्द उच्चारले असते, 'हरकत आहे', तर नोंद अशी दिसली असती: वकिलांनी हा प्रश्न विचारला, अमुक यांनी गैरलागू आणि अपमानकारक म्हणून हरकत घेतली, न्यायालयाने हरकत फेटाळली, उत्तर हे. पुढे अपिलात वाचणाऱ्याला कळलं असतं की घाण कुणाच्या तोंडून आली. आज ती आत्याच्या तोंडून आलेली दिसते. प्रश्न गिळून टाकणाऱ्या कथनवजा नोंदीची ही करामत आहे. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' सिनेमात न्यायाधीश साक्ष स्वतःच्या शब्दांत टाइप करायला सांगतात, ते पाहून आपण थिएटरमध्ये हसलो होतो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

आरोपीचं काय?

हे सगळं ऐकून माझा एक मित्र, साताऱ्यात वकिली करणारा, भडकला. म्हणाला, "तुला काय, साक्षीदार म्हणजे सगळे तुझी आत्या वाटतात? खोटे साक्षीदार असतात. पोलिसांनी पढवलेले असतात. माझा अशील पारधी पोरगा आहे, त्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही. उलटतपासणी सोडून त्याच्याकडे दुसरं काय आहे? सरकारी वकील दर प्रश्नाला हरकत घ्यायला लागला तर मी खोटं उघडं कसं पाडायचं?"

त्याचं म्हणणं वजनदार आहे. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारायची मुभा कायद्यानेच दिली आहे, आणि ती हवीच. सरतपासणीत सरकारी वकिलाने 'तुम्ही आयर्विन पुलावर आरोपीला चाकू घेऊन पळताना पाहिलंत ना?' असं विचारलं, तर बचाव पक्षाने उठलंच पाहिजे, कारण तो साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालतो आहे. म्हणजे हरकत हे आरोपीचंही हत्यार आहे.

हरकतीचा गैरवापर होतो, हेही खरं. मित्रानेच नमुना सांगितला. साक्षीदार उत्तर द्यायला अडखळला की समोरचा वकील उठतो, "साहेब, ऑब्जेक्शन! साक्षीदाराने आधीच सांगितलंय की तिथे खांबावर दिवा होता!" साक्षीदाराला उत्तर मिळालं. हरकतीच्या नावाखाली शिकवणी झाली.

पण या दोन्ही रोगांवर औषध एकच आहे. हरकत एका शब्दात घ्या: सूचक, ऐकीव, गैरलागू, अपमानकारक. भाषण नको. न्यायाधीशाने एका ओळीत निर्णय द्यावा. आणि प्रश्नासकट ते सगळं लिहिलं जावं. त्या पारधी पोराच्या वकिलाचा रास्त प्रश्न न्यायाधीशाने चुकून अडवला, तर तो अडवलेला प्रश्न नोंदीत असेल. उच्च न्यायालयात तो दाखवता येईल. आज प्रश्नच गायब होतो, मग अन्याय झाला हे सिद्ध कसं करणार? मी प्रश्न कमी करा म्हणत नाही. प्रश्नावर विचारणाऱ्याचं नाव लिहा, एवढंच म्हणतो. नाव लिहिलं जाणार हे कळलं, की अर्धे घाणेरडे प्रश्न घशातच अडकतील.

वेळ जाईल, हा दुसरा आक्षेप. आत्याच्या दाव्यात आजवर वेळ गेला तो वकील गैरहजर, साहेब रजेवर, समन्स बजावलं नाही, अशा कारणांनी. एका ओळीच्या निर्णयाला लागणारा अर्धा मिनिट सोसत नाही, असं ज्या व्यवस्थेला वाटतं, तिला वेळेची काळजी आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि न्यायाधीश प्रश्न गाळू शकतात, हे आपण आधीच मान्य केलं आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मुलाला वकील थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश विचारतात. मुलाचं चारित्र्यहनन करणारे आक्रमक प्रश्न चालत नाहीत. बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या उलटतपासणीवेळी न्यायालयाने मूक प्रेक्षक होऊन बसू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गुरमित सिंग प्रकरणात बजावलं. म्हणजे रस्ता माहीत आहे. तो फक्त मुलांसाठी आणि बलात्कार पीडितांसाठीच का मोकळा ठेवायचा? वाटा मागणारी विधवा, गावगुंडाविरुद्ध उभा राहिलेला शेजारी, पहाटे रस्ता झाडताना खून पाहिलेला सफाई कामगार, यांना कातडी जाड असते असं आपण गृहीत धरलं आहे का?

आपल्या हातात काय

फौजदारी खटल्यात साक्षीदाराला स्वतःचा वकील नसतो. फिर्यादीचा खासगी वकील असला तरी तो सरकारी वकिलाच्या हाताखाली. म्हणजे साक्षीदाराच्या वतीने उठायचं तर सरकारी वकिलानेच. तो उठला नाही आणि न्यायाधीशही बोलले नाहीत, तर साक्षीदार एकटा.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. हरकत आलेला प्रत्येक प्रश्न शब्दशः नोंदवा, वकिलाच्या नावासह. निर्णय त्याच वेळी किंवा साक्ष संपायच्या आत द्या. आणि अपमानकारक प्रश्न मना करायचं कलम हरकतीची वाट न पाहता वापरा, कारण ते तसंच लिहिलेलं आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही, अ‍ॅप तर नाहीच नाही.

आणि तुम्ही, जे हे बसमध्ये किंवा रात्री अंथरुणात फोनवर वाचताय, तुम्हाला कधी ना कधी समन्स येईल. अपघात पाहिला म्हणून, जमिनीच्या वादात नाव आलं म्हणून. तेव्हा आधीच वकिलाला विचारा: असला प्रश्न आला तर तुम्ही उठणार का? पिंजऱ्यात असताना हात जोडून, शांतपणे न्यायाधीशांना म्हणा: साहेब, हा प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या. ते नाही म्हणू शकतात. पण विचारायला बंदी नाही.

फौजदारी खटल्यात आणखी एक गोष्ट आहे. साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. त्यातलं काही बरोबर नाही असं तुम्ही म्हणालात, तर न्यायाधीश ते दुरुस्त करू शकतात, किंवा दुरुस्त न करता तुमची हरकत लिहून ठेवू शकतात. अख्ख्या खटल्यात साक्षीदाराला स्वतःच्या तोंडाने घेता येणारी ही एकच हरकत. ती घ्या. जेवायची सुट्टी होत आली आहे, स्टेनो घड्याळाकडे बघतोय, सही करा म्हणून कागद पुढे सरकवलाय, तेव्हाही घ्या.

पुढच्या तारखेला आत्याच्या दाव्यात दिरांची उलटतपासणी आहे. आमच्या वकिलांना मी आदेश १८, नियम ११ ची प्रिंट दिली आहे. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. आत्याने मात्र त्यांना वेगळंच बजावलं. "दिराला इचारा जिमिनीचं. त्याच्या घरातल्या बायकांचं काय इचारू नका."